ताईची जोडी

रुग्णालयाच्या संख्याशास्त्र विभागातल्या या गृहस्थाला सगळे 'मध्यस्थ' म्हणत. काम होतंच तसं. महागडं नवं इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला तो जुन्या गोळ्यांवरचा जोडीदार शोधून द्यायचा: तेच वय, तोच आजार, तेवढंच वजन. मग कोण किती सुधारलं, कुणावर किती खर्च झाला, याची तुलना. "आज किती लग्नं लावलीत?" असं नर्सबाई चिडवायच्या आणि हा नवरदेवासारखा लाजायचा.

पण त्याला लहानाचं मोठं करणारी थोरली ताई इंजेक्शनवर आली आणि त्याचं हसू मावळलं. नियम धाब्यावर बसवून त्याने तिची जोडी उघडून पाहिली. गोळ्यांवरची कुणी अनोळखी बाई. तिला ताप भरला, चार दिवसांनी ताईला भरला. तिचा डावा हात लुळा पडला आणि पाठोपाठ ताईच्या हातातून कप निसटला. "अरे, म्हातारी झाले मी," ताई हसली. त्याची मात्र पाचावर धारण बसली. योगायोग आहे, योगायोग आहे, असं स्वतःला बजावत तो रोज ती जोडी उघडायचा. एका सकाळी त्या बाईपुढे लिहिलेलं दिसलं: शुद्ध हरपली.

मग मात्र त्याने मागचापुढचा विचार केला नाही. जोडी मोडली. झपाट्याने बरी होत चाललेली दुसरी एक बाई निवडली आणि ताईशी जोडली. शुद्ध लबाडी होती ही, पण ताईपुढे शास्त्र गेलं खड्ड्यात!

संध्याकाळी ताई चक्क ओट्याशी उभी. "भूक लागलीय रे, काय करू खायला?" तो दारातच ढसाढसा रडला. "वेडा कुठला," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलापुढे एक माणूस येऊन उभा राहिला. "साहेब, सगळी माहिती इथे असते म्हणे. माझी बहीण बरी होत आली होती हो. काल संध्याकाळी हातातून कप पडला, आता डोळेच उघडत नाही. आईच्या जागी आहे ती मला. काय झालं हे एकाएकी?"

नाव विचारायची गरजच नव्हती. ताई त्या बाईसारखी होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ती बाई ताईसारखी होईल, हे मनातही आलं नव्हतं. स्क्रीनवर दोघी शेजारी शेजारी होत्या. एक बटण दाबलं की जोडी सुटली असती.

तेवढ्यात फोन वाजला. "जेवायला वेळेवर ये रे," पलीकडून ताई म्हणाली.

"येतो." त्याने फोन ठेवला, स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली आणि त्या माणसाला म्हणाला, "तसं काही दिसत नाही इथे."