भिंतीवरचं तोंड

अर्धी फरशी पुसून झाली होती आणि अर्धी तशीच होती. धाकटी जाऊ पोछा हातात धरून उभी होती, कारण खाली वाकलं की वरच्या ओठामागे कुणीतरी हातोडी मारल्यासारखं व्हायचं. वाकू नका, असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलंही होतं.

"दात काढलाय, कंबर नाही," थोरली जाऊ सोफ्यावर पाय घेऊन बसल्या बसल्या म्हणाली.

दात तर आधीच गेला होता, समोरचा. त्याखालचं हाड झिजलं म्हणून डॉक्टरांनी हिरडी उघडून हाडाची भुकटी भरली आणि वरून टाके घातले. ते हाड धरेपर्यंत काही महिने नवा दात बसणार नव्हता. तात्पुरता खोटा दात मिळाला होता, पण जखमेवर दाब नको म्हणून तो डबीतच ठेवायचा होता. गाल पावासारखा फुगला होता आणि डोळ्याखाली निळंजांभळं झालं होतं. सकाळची प्रार्थना ती हल्ली मनातच म्हणायची. देवाला असं तोंड चालतं, घरातल्यांना चालत नव्हतं.

कारण त्याच संध्याकाळी सासऱ्यांच्या वाढदिवसाचा फोटो निघायचा होता, दिवाणखान्यात कायमचा लावायला. काढणार धाकटीच. ती फोटो स्टुडिओत कामाला होती.

"तू आपली कॅमेऱ्यामागेच राहा," थोरली म्हणाली. "हे तोंड भिंतीवर नको. पाहुणे म्हणतील, माझ्या दिरानं बडवलंय."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"वहिनी अगदीच चुकीचं नाही बोलत," तो वर्तमानपत्रातून म्हणाला.

संध्याकाळी धाकटीनं सगळ्यांना बसवलं, तिकाटण्यावर कॅमेरा लावला, आपोआप खटका पडेल अशी सोय केली आणि सरळ येऊन सासऱ्यांच्या शेजारी बसली. थोरलीच्या आणि त्यांच्या बरोब्बर मधे.

"अगं, निदान तोंड तरी मीट!" थोरली दात आवळून पुटपुटली.

ते ऐकून धाकटीनं तोंड उघडलं. ओठ ताणला, टाके चरचरले, डोळ्यांत पाणी आलं. पण खिंडार दिसलं. खटका पडला. "आटपलं का?" सासरे म्हणाले.

स्टुडिओत ती संगणकावर लोकांचे चेहरे साफ करायची. कुणाचा तीळ, कुणाचा फोड, कुणाचं टक्कल. घरचे फोटोही तिच्याच हातून जायचे. थोरलीची दुहेरी हनुवटी ती लग्न होऊन आल्यापासून बारीक करत आली होती. दात पांढरे करायची, मानेवरच्या वळ्या पुसायची. कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नव्हतं. थोरलीला वाटायचं, आपला चेहराच फोटोत छान येतो. चारचौघींत तसं सांगायचीसुद्धा.

या वेळी सवयीनं हात आधी स्वतःच्या गालाकडे गेला. सूज पुसली, निळं पुसलं. खिंडारात दात बसवायची वेळ आली, तेव्हा हात थांबला. जो ठणका तिनं बर्फाची पिशवी धरून सोसला, तो पडद्यावरच्या या गुळगुळीत बाईला कधी झालाच नव्हता. तिनं केलेलं सगळं मागे घेतलं. मग थोरलीचा चेहरा समोर आला. तिथं तिनं हातच लावला नाही. मनात राग होता, आणि देवापुढे तो लपवायला ती गेलीही नाही.

फोटो भिंतीवर लागला त्या दिवशीही ती फरशीच पुसत होती.

"ही कोण?" थोरली फोटोसमोर उभी राहून म्हणाली. "माझी मान अशी आहे?"

"अशीच आहे."

"मग आधीच्या फोटोंत?"

"आधी मी पुसत होते."

थोरलीच्या हनुवट्या थरथरल्या. भिंतीवरच्याही आणि खालच्याही, असं धाकटीला वाटून गेलं. "मेली कपटी! काढ तो आत्ताच्या आत्ता!"

"राहू दे, जाऊबाई. माझा दात बसला की दुसरा काढू. तेव्हा तुम्हाला तुमचं तोंड भिंतीवर नको वाटलं, तर तुम्ही कॅमेऱ्यामागे उभ्या राहा."

थोरलीनं बादलीला लाथ मारली. पाणी पुसलेल्या अर्ध्या भागावर पसरलं. धाकटीनं पोछा भिंतीला टेकवला, पायांत चपला सरकवल्या आणि डबीतला दात पर्समध्ये टाकला.

"हे कोण पुसणार?" मागून आवाज आला.

"वाकायला मला मनाई आहे," ती म्हणाली, आणि टाके काढून घ्यायला दवाखान्यात गेली.