स्ट्रायकर उचलण्याआधी अपील करा

कांदिवली-दहिसरच्या स्पर्धांत कॅरम खेळणाऱ्यांनो, पंच चुकला की आपल्याला एकच ऐकवतात ना, "जाऊ दे, खेळा पुढे"?

आज दुपारी माझी मैत्रीण स्मिता उपांत्य सामना खेळत होती. जिंकली तर जिल्हा संघात जागा नक्की. राणी घेतल्यावर आपली एक सोंगटी घेऊन कव्हर द्यावं लागतं. शेवटच्या बोर्डात स्मिताने एकाच फटक्यात राणी आणि सोंगटी दोन्ही घेतल्या. नियमाने कव्हर तिथेच झालं.

पंच म्हणाला, "कव्हर वेगळं द्या, मॅडम."

"असं कुठेय हो?" स्मिताने विचारलं.

"आमच्याकडे असंच असतं. चला, पुढच्या मॅच खोळंबल्यात."

मागून कुणीतरी ओरडलं, "ए ताई, भाषण नको, स्ट्रायकर मार!"

मी ओठ दाबून बसले. प्रेक्षकाने तोंड उघडलं तर बाहेरून मदत घेतली म्हणून ताकीद स्मितालाच. अखेर स्मिताने फटका मारला आणि तो चुकला. राणी पुन्हा मध्यावर आली, ती समोरच्या मुलीने कव्हरसकट घेतली. सामना गेला.

मग स्मिता मुख्य पंचांकडे गेली. ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. पण पुढचा फटका मारलात, म्हणजे निर्णय मान्य केलात. आता अपील नाही."

त्यांचा नियम मला पटतो. माझा राग आहे तो आपल्याला घाई करून गप्प बसवणाऱ्यांवर, आणि गप्प बसणाऱ्या आपल्यावरही.

पुढच्या वेळी निर्णय पटला नाही, तर स्ट्रायकरवरून हात काढा आणि मोठ्याने म्हणा, "मुख्य पंचांना बोलवा." ते येईपर्यंत खेळू नका.