आकाश: स्वच्छ

सुमनताई सूर्य पाटावर घ्यायची. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट, त्यावर पांढरा कागद, समोर प्लंबरकडच्या पाइपात बसवलेली, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या चष्म्याच्या दुकानातून आणलेली भिंगं. बदलापूरजवळच्या गावात, घराच्या गच्चीवर ती सकाळी अकराला बसली की कागदावर बशीएवढा सूर्य उतरायचा. त्यातले काळे डाग ती पेन्सिलीने टिपायची. खाली वेळ टाकायची आणि कोपऱ्यात लिहायची, 'आकाश: स्वच्छ' नाहीतर 'आकाश: ढगाळ'.

उल्हासनगरच्या कॉलेजात फिजिक्सच्या एम.एस्सी.ला ती आमच्या वर्गात होती, आमच्याहून चांगली बारा वर्षांनी मोठी. दोन्ही पोरं शाळेत रमल्यावर स्वतः शिकायला आलेली. वर्गातली मुलं 'काकू' म्हणून चिडवायची. ती म्हणायची, "काकू तं काकू. काकूचं जर्नल मागाया येऊ नको म्हंजे झालं."

आमच्या लॅबची एक रीत होती. उत्तर पुस्तकात असतंच, त्यावरून उलटं गणित करून रीडिंगं लिहायची. मी तर त्यातला उस्ताद. सुमनताईचं उत्तर एकदा भलतंच आलं आणि बाईने तेच लिहून मार्क घालवले. मी म्हटलं, "अगं ताई, एक आकडा इकडचा तिकडे केला असतास तर कुणाच्या बापाला कळलं असतं?"

"दिसलं तं लिवायचं," ती म्हणाली. "नाय दिसलं तं 'नाय दिसलं' लिवायचं. पुस्तकातलं उत्तर पुस्तकवाल्याचं, त्यात माजं काय?"

शेवटच्या वर्षी आमचा दोघांचा मिळून प्रोजेक्ट होता. डाग रोज किती सरकतात ते बघून सूर्य स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो ते काढायचं. मी गणिताचा भाग घेतला, तिने निरीक्षणांचा. तिला पुढे सूर्यावरच पीएच.डी. करायची होती. मार्क चांगले पडले तर आमचे सर शिफारसपत्र देणार होते, आणि घरातही तेवढंच कबूल झालं होतं: पत्र मिळालं तर पुढे, नाहीतर बास.

मध्येच वांगणीला तिच्या पुतणीचं लग्न निघालं. हळद, लग्न, पाठवणी धरून चार दिवस. दुर्बीण, पाट आणि रफ वही ती अंबरनाथला माझ्या घरी ठेवून गेली. "मंदार, अकराला हां. इसरशील नायतर."

विसरलो नाही हो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशी उशिरा उठलो, दुसऱ्या दिवशी कंटाळा केला, नंतर म्हटलं, आता काय! चौथ्या दिवशी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. डाग दिवसाला तेरा अंश सरकतो, हे पुस्तकात होतंच. चार वर्तुळं काढली, तिचा मोठा डाग तेरा-तेरा अंशांनी सरकवला आणि चारही कोपऱ्यांत लिहिलं, 'आकाश: स्वच्छ'.

संध्याकाळी लग्न आटोपून ती आली आणि सगळं सामान घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिचा फोन. "अरं, डाग ग्येला! पार साफ! काल तू बगितला ना?"

"हो. चांगला मोठा होता."

"आईशप्पत?"

"आईशप्पत."

एवढा मोठा डाग एका रात्रीत नाहीसा! हरखून गेली बिचारी. चार पानांचं वेगळं प्रकरण लिहिलं तिने त्यावर. रफ वहीतली सगळी वर्तुळं, माझी चारही, फेअर जर्नलमध्ये आपल्या हाताने उतरवली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. ते प्रकरण वाचून त्यांनी लॅपटॉपवर त्या दिवसांचे वेधशाळेचे फोटो उघडले. डाग तिने लिहिलेल्या तारखेच्या तीन दिवस आधीच विरला होता. "मॅडम, जो डाग नव्हताच तो तुम्ही तीन दिवस काढलात? हे अक्षर तुमचंच ना?"

सुमनताईने माझ्याकडे बघितलं. मी शेजारीच बसलो होतो. तिला सगळं कळलं, ते मला दिसलं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. ती बराच वेळ थांबली. माझ्यासाठीच थांबली होती.

"अक्षर माजंच हाय सर," ती म्हणाली.

तिला शिफारसपत्र मिळालं नाही. ते मला मिळालं. आज मी खगोलभौतिकी शिकवतो आणि 'खोटं रीडिंग लिहू नका' असं पोरांना बजावतो. इतका निर्लज्ज आहे मी.

परवा हिय्या करून तिच्या घरी गेलो. ती गावात शिकवण्या घेते. मी रडत रडत सगळं बोललो. ती म्हणाली, "मार्क ग्येलं त्याचं नाय रं. नव्हता त्या डागापायी मी आठ दिस नाचली. पोरांना सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं. त्याची लाज वाटते अजून."

मग आत जाऊन तिने रफ वही आणली. माझी चार वर्तुळं तशीच होती. तिने पेन्सिल पुढे केली. "लिव."

मी चारही कोपऱ्यांतलं 'स्वच्छ' खोडलं आणि प्रत्येक वर्तुळाखाली लिहिलं, 'पाहिले नाही.' तिने वही फिरवून बघितली.

"टाइम टाक."

"कुठली वेळ, ताई?"

"आत्ताची. खरं आत्ता लिवलंस ना?"

मी घड्याळ बघून लिहिलं: दहा पन्नास. तिने वही काखेत मारली, भिंतीला टेकवलेला पाट उचलला आणि गच्चीचा जिना चढू लागली. अकरा वाजत आले होते. मला 'वर ये' म्हणाली नाही.