डोळ्याचा फोटो काढणारा
जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो काढणारा तो माणूस मला मावशी म्हणतो. ‘हनुवटी टेकवा. बराबर. आता पापणी बिलकुल हलवू नका,’ असं सांगतो आणि श्वास मात्र स्वतःच रोखतो. डोळ्याच्या आतली सूज उतरली का, असं विचारलं की एकच उत्तर, ‘ते डॉक्टर सांगतील. मी न्हाई.’ मला रागच यायचा. परतूरहून रेल्वेनं यायचं आणि भिंतीशी बोलून जायचं.

परवा त्यानं नव्या फोटोशेजारी माझा जुना फोटो लावला. जुन्यात बुबुळापुढं सुजेचे पांढरे ठिपके होते, जिनिंगमध्ये उडणाऱ्या कापसाच्या धुळीसारखे. नव्यात तिथं नुसता स्वच्छ काळा रंग. त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि उठला.

‘बसा मावशी, मी जरा चहा पिऊन येतो.’