पहिली तीन वर्षं

खराडीच्या घरातली मागची खोली शालूने दिवाळीनंतर रिकामी करून घेतली. आत जादाच्या खुर्च्या, सतरंज्या, कुठल्याशा निवडणुकीतले उरलेले झेंडे असा हिंमतरावांचा पसारा होता. तो तिने गच्चीवर हलवला, भिंतींना रंग दिला आणि पलंग खिडकीपासून लांब सरकवला. बाळंतिणीला वारं लागायला नको.

"कुणाची बाळंतीण?" हिंमतरावांनी दारातूनच विचारलं.

"संस्कृतीला दिवस गेलेत, विसरलात का? पहिलं बाळंतपण माहेरीच होतं."

"तिचं माहेर मार्केट यार्डात हाय."

शालूने गादी झटकली. धूळ नव्हतीच, तरी झटकली.

पोरीचं माहेर मार्केट यार्डात कसं गेलं, ते खराडीत सगळ्यांना ठाऊक होतं. विक्रम आणि योगेशच्या पाठीवर मुलगी हवी, हा हट्ट शालूचाच. मुलगी झाली. ती तीन वर्षांची होते न होते तोच हिंमतरावांच्या डोक्यात नगरसेवक होण्याचं शिरलं. वावरांच्या जागी इमारती उठत होत्या, लोक त्यांना 'साहेब' म्हणू लागले होते. आडवा आला तो नियम. लोकसंख्या आटोक्यात राहावी म्हणून पोरीच्या जन्माआधीच सरकारने ठरवलेलं, की यापुढे तिसरं मूल झालं तर महापालिकेची निवडणूक लढवता येणार नाही. मग कुणा शहाण्याने सुचवलं, तिसरं दत्तक द्या. हिंमतरावांच्या थोरल्या बहिणीला, गोदाबाईंना, मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान मार्केट यार्डात कांद्याचे आडते. होम झाला, कागद झाला, आणि संस्कृती नवा फ्रॉक घालून हसत गाडीत बसली. तिला वाटलं, आत्याकडे राहायला चाललोय.

अर्ज छाननीतच बाद झाला. समोरच्याने हरकत घेतली होती. पोरगी कुणाच्याही ताटात जेवो, कायदा जन्म मोजतो.

त्या संध्याकाळी शालू म्हणाली होती, "चला, तिला घेऊन येऊ."

"अन् अक्काला काय सांगू? तिकिटासाठी दिली, अर्ज बाद झाला, आता दे माघारी? पोरगी हाय का भाड्यानं आणलेलं भांडं?"

उत्तर सुचलं नाही असं नाही. पण आदल्याच आठवड्यात गोदाबाईंच्या खांद्यावर संस्कृती गाढ झोपलेली तिने पाहिली होती, आणि पोरीच्या पाठीवरून फिरणारा गोदाबाईंचा हातही. तेव्हापासून ती संस्कृतीची मामी.

सातव्या महिन्यात गोदाबाईंच्या घरी डोहाळजेवण झालं. फुलांच्या दागिन्यांत संस्कृती पाटावर बसली होती. विहीणबाई सहज म्हणाल्या, "आमच्याकडे सगळी बाळं किरकोळच हो. हिचं वजन किती होतं जन्मली तेव्हा?"

"आई, किती होतं गं?" संस्कृतीने विचारलं.

गोदाबाई तिच्या केसांतला गजरा सावरत राहिल्या. गजरा नीटच होता.

"पावणेतीन किलो," शालू बोलून गेली. "आणि जावळ इतकं, की नर्स म्हणाली, हिला वेणी घालूनच घरी न्या."

"अय्या! रडायचे का गं मामी मी?"

"रात्री नाही. आंघोळीला मात्र सगळी आळी गोळा करायचीस."

बायका हसल्या. गोदाबाईही हसल्या, जरा उशिराने.

"मग बाळंतपण कुठे करायचं?" विहीणबाईंनी विचारलं.

"आईकडेच," संस्कृती म्हणाली. "हॉस्पिटल पण इथून जवळ आहे."

पलंग खिडकीपासून लांब सरकवलाय, हे वाक्य शालूच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून ती रिकाम्या वाट्या गोळा करत आत गेली. मागोमाग गोदाबाई आल्या. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"शालू, मला भ्या वाटतंय."

"कसलं, अक्का?"

"तान्हं पोर मी कधी धरलंच न्हाई. ही माझ्याकडं आली तवा पळत हुती. मान कशी धरायची, पायावर घेऊन न्हाऊ कसं घालायचं, मला काय ठावं? तिला वाटतं, आईला समदं येतं." त्या ओट्याला टेकल्या. "सव्वा महिना येऊन राहशील?"

शालूने नळ बंद केला. गोदाबाईंनी कधीतरी आपल्याकडे काही मागावं, असं तिला फार वर्षं वाटत आलं होतं. फक्त तिच्या मनातलं मागणं इथे येऊन राहण्याचं नव्हतं, पोरीला बाळंतपणाला खराडीला नेण्याचं होतं.

"येईन. पण ती मला मामीच म्हणणार ना?"

"मामीच म्हणंल गं," गोदाबाई हळूच म्हणाल्या. "त्याला मी तरी काय करू?"

"काही करू नका. तेल मात्र माझ्या घरचं. तुमच्या त्या दुकानातल्या बाटलीचं नको."

संस्कृतीचे दिवस भरत आले तशी शालूने पिशवी भरली. डिंकाचे लाडू, जुन्या सुती साड्यांची दुपटी, तेल. हिंमतराव मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"अन् ही खोली?"

"असू दे अशीच. खुर्च्या आत आणायच्या नाहीत."

"कोण येणार हाय हितं?"

"बाळाला आजोळ एकच असावं, असा काही सरकारी नियम निघालाय का?"

शालूने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि उघडी राहिलेली खिडकी लावून घेतली.