पातीच्या गाठी

प्रकाशा गावी आमच्या घरामागे नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटचा लसूण लावला तो आमच्याकडचा नव्हताच. माझा धाकटा भाऊ हिमाचलात नोकरीला आहे. दिवाळीला येताना त्याने तिकडचा लसूण आणला. जांभळट सालीचा, जाडजूड पाकळ्यांचा, मधोमध वाळकी काडी. थंडी सरताना यातून हिरवा दांडा निघतो आणि त्याला गोल वेढा पडतो, असं तो बोलता बोलता म्हणाला. नानांनी तेवढंच धरून ठेवलं. ‘तो दांडा माले देखना शे.’

आता औषध फक्त दुखणं कमी करण्यापुरतं, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. नानांनाही ते माहीत होतं. शेवटी माणसं काशी-प्रयाग मागतात. यांना लसणाचा दांडा बघायचा होता. मला हसू येईना आणि रडूही येईना.

भाऊ लांबून उंटावरून शेळ्या हाकायचा. तिकडची थंडी इथे नाही, तेव्हा पाकळ्या आधी फ्रिजमध्ये ठेवा म्हणे. त्या दुधाच्या पातेल्याशेजारी राहिल्या आणि आमच्या चहाला लसणाचा वास येऊ लागला. मग नानांनी खाटेवर बसून हुकूम सोडले आणि मी नि मायने वाफा लावला. रोज सकाळी ते काठी टेकत तिथवर जात आणि परत येऊन दमून पडत.

माघात त्यांच्या उलट्या थांबेनात, म्हणून नंदुरबारला दवाखान्यात ठेवलं. मी सोबत होते, माय घरी एकटी. पातीची टोकं पिवळी पडलेली तिला दिसली. आमच्याकडे अशा वेळी पातीला गाठ मारतात, म्हणजे जोर पानात न जाता खाली गड्ड्यात उतरतो. नाना येतील तेव्हा गड्डे भरलेले असावेत, म्हणून तिने एका बैठकीत अख्ख्या वाफ्याला गाठी मारल्या.

नाना घरी आले ते रिक्षातून उतरून सरळ मागे गेले. गाठी बघितल्या आणि काही बोलले नाहीत. एरवी पाणी कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. त्या गप्प राहण्यानेच मायला काय ते कळलं.

ती खाली बसली आणि तिने एक गाठ सोडली. आत पानांच्या बेचक्यातून नुकता वर आलेला कोवळा दांडा मोडून पडला होता. दुसरी सोडली, तिसरी सोडली. एक तरी धड निघेल या आशेने तिने सगळ्या सोडल्या. मला तिच्याकडे बघवेना. शेवटी त्यातल्या त्यात बरा, वेढा पडू लागलेला एक दांडा तिने नानांच्या हातात ठेवला.

‘मन्हाच हाते मोडाई गयात,’ ती म्हणाली.

नानांनी तो नाकाशी धरला, वेढ्यावरून बोट फिरवलं. ‘कसाले रडस? देखा ना मी. आते भाजी कर यासनी.’

मायने ते दांडे चिरून भाजी केली. नानांच्या पोटात तेव्हा पाण्याचा घोटही ठरत नव्हता. तरी ते भिंतीला टेकून तिच्या ताटासमोर बसले, आणि तिने शेवटचा घास गिळेपर्यंत उठले नाहीत.