पप्पांचा पत्र्याचा तारा

आमच्या मांजलपूरच्या घरी नाताळचं झाड स्टुलावर ठेवतात आणि प्रत्येकाने आपली वस्तू आपल्याच हाताने लावायची असते. आईची लोकरीची घंटा, माझा कागदी देवदूत आणि पप्पांनी बिस्किटांच्या डब्यातून कापलेला पत्र्याचा तारा. जे गेले, त्यांच्या वस्तू भिंतीकडच्या बाजूला असतात. तिथे आजोबांचं लाकडी मेंढरू आहे.

यंदा पप्पा खुर्चीतून उठले नाहीत. काखेतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढल्यापासून त्यांचा हात वर जात नाही.

"माझा तारा तू लाव, दीकरा," ते नेहमीच्या लाडाने मला म्हणाले. मी तो अगदी समोर लावला.

संध्याकाळी आईने केर काढताना स्टूल सरकवलं आणि परत ठेवताना चुकून उलटं ठेवलं. आम्ही चहाला बसलो, तेव्हा समोर मेंढरू होतं आणि तारा मागे गेला होता.

"काय गं, मला आत्ताच भिंतीकडे पाठवलंस?" पप्पा हसत म्हणाले.

"काहीतरीच बोलू नका," आई म्हणाली. ती हसली नाही.

मी घाईने स्टूल फिरवलं आणि, का कोण जाणे, ताऱ्याचा दोरा फांदीला आणखी दोनदा गुंडाळला.

रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे. घरात कॉलेजला गेलेली मी एकटीच, म्हणून तो आणायला मीच जायचं, असं पप्पांनी ठरवलंय. शेजाऱ्यांनाही ते कौतुकाने सांगतात.

काल आईने मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "तिथेच वाचशील, की घरी आल्यावर?"